कॅन्ससचं लायसन्स, मिसूरीत पेशंट: आमचा वरिष्ठ नेमका कोण?

स्टेटलाइनची:

नमस्कार मंडळी. इथे ॲम्ब्युलन्सवाले कमी आहेत, पण नर्स, डॉक्टर आणि वकील चिक्कार आहेत, म्हणून इथेच विचारते.

मी कॅन्सस सिटीत पॅरामेडिक आहे. लायसन्स कॅन्ससचं, नोकरीही कॅन्ससमधल्या ॲम्ब्युलन्स सेवेत, घर मात्र मिसूरीत. ज्यांनी हे शहर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: इथे स्टेट लाइन रोड नावाचा रस्ता आहे. त्याच्या पश्चिमेला कॅन्सस, पूर्वेला मिसूरी. मधे नाका नाही, काही नाही. पेशंट कॅन्ससचा आणि त्याचा हार्टवाला डॉक्टर मिसूरीत, हे आमच्याकडे रोजचंच.

हल्लीच मला शिफ्ट सुपरवायझर केलंय. पगार जरासा वाढला, कटकट बरीच वाढली. पहिलंच काम गळ्यात पडलं ते असं: हद्द ओलांडून काम करताना कुणाचे नियम पाळायचे, काही झालं तर कुणाला कळवायचं, याच्या दोन पानी सूचना क्रूसाठी लिहायच्या. मी मॅनेजरला विचारलं, यात नेमकं काय लिहू? तो म्हणाला, "आपण कॉम्पॅक्टमध्ये आहोत ना, मग प्रश्नच कुठे येतो?" म्हणजे ईएमएस (ॲम्ब्युलन्ससारख्या तातडीच्या वैद्यकीय सेवा) कॉम्पॅक्ट, एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यात काम करता यावं म्हणून राज्यांनी केलेला करार, ज्याला जुने लोक अजून रेप्लिका म्हणतात.

प्रश्न कुठे येतो ते सांगते. आमच्या एका क्रूने मिसूरीतल्या हॉस्पिटलात ट्रान्सफर (इकडून तिकडे हलवायचा पेशंट) पोचवली. रिकामी गाडी घेऊन परत येत असताना, अजून मिसूरीतच, त्यांच्या डोळ्यांदेखत दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. हे थांबले. रेडिओवर डिस्पॅचला, म्हणजे गाड्या पाठवणाऱ्या कंट्रोल रूमला, कळवलं. एका माणसाचा पाय डॅशबोर्डखाली अडकलेला, मांडीचं हाड मोडलेलं, तो ओरडत होता. आमच्या पॅरामेडिकने आमच्याच स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे (डॉक्टरने आधीच लिहून ठेवलेल्या आदेशाप्रमाणे) त्याला केटामिन हे वेदना थांबवणारं औषध दिलं आणि पाय सोडवायच्या तयारीला लागला. तेवढ्यात तिथली स्थानिक गाडी आली. पेशंट त्यांच्या ताब्यात दिला, रिपोर्ट दिला, इथवर सगळं छान. मग त्यांच्या सुपरवायझरने विचारलं, "मिसूरीचं कार्ड दाखवा." आता कार्ड असेल तर दाखवणार ना! आमचा ईएमटी (पॅरामेडिकच्या खालच्या पातळीचा) पोरगा म्हणाला, "आमच्याकडे कॉम्पॅक्ट आहे." जसं काही खिशातून काढून दाखवायची वस्तूच आहे. चार दिवसांनी आमच्याकडे लेखी तक्रार आली.

तर माझे प्रश्न. ही तक्रार कुणी तपासायची, कॅन्ससने की मिसूरीने? की कॉम्पॅक्ट चालवणारं ते कमिशन म्हणून जे आहे त्याने? मी कमिशनला पत्र लिहून "आमच्या क्रूचं बरोबर होतं" असं लेखी मागवू शकते का? आणि माझी जाऊ नर्स आहे, ती म्हणते तू राहतेस मिसूरीत तेव्हा तुझं होम स्टेट मिसूरी, तुझा तर पायाच चुकलाय. हे खरं असेल तर माझ्यासकट आमची निम्मी शिफ्ट घरी बसेल.

ह्यूस्टनची_परिचारिका:

जाऊबाईंचं चूक नाही गं, पण ते आमच्यापुरतं बरोबर आहे. नर्सिंगच्या कॉम्पॅक्टमध्ये तुम्ही कायमचं कुठे राहता ते बघतात. त्या राज्याचं मल्टिस्टेट लायसन्स मिळतं. दुसऱ्या कॉम्पॅक्ट राज्यात घर हलवलं तर ६० दिवसांच्या आत नव्या राज्यात अर्ज करावा लागतो, हा नियम २०२४ च्या जानेवारीपासून आला. मी लुइझियानातून इकडे आले तेव्हा खोक्यांच्या आधी तो अर्ज भरला.

तुमचं वेगळं असावं. माझ्या समजुतीप्रमाणे ईएमएसचं कॉम्पॅक्ट म्हणजे एक प्रकारचं केंद्राचं लायसन्स, एकदा मिळालं की सगळ्या सभासद राज्यांत चालतं. कमिशन ते देतं, त्यामुळे तक्रारही कमिशनच बघत असेल. कुणी जाणकाराने दुरुस्त करावं.

चॅटनूगाकर:

दुरुस्त करतो, आणि ताई, रागावू नका, कारण हा गैरसमज आमच्या स्वतःच्या गाड्यांवर सुद्धा घट्ट बसलेला आहे.

मी टेनेसीत एका ॲम्ब्युलन्स सेवेचं कम्प्लायन्स बघतो. आमचं गाव जॉर्जियाच्या उंबरठ्यावर, अलाबामा हाकेच्या अंतरावर. तिन्ही राज्यं कॉम्पॅक्टमध्ये आहेत. त्यामुळे स्टेटलाइनताईंचा प्रश्न म्हणजे आमचं रोजचं जेवण.

केंद्राचं लायसन्स असं काही नाही. कमिशन कुणालाही लायसन्स देत नाही आणि कुणाचं काढूनही घेत नाही. लायसन्स राज्याचंच. ते चालू असेल, त्यावर कसलंही बंधन नसेल, वय १८ पूर्ण असेल आणि तुम्ही मेडिकल डायरेक्टरच्या (सेवेला जबाबदार डॉक्टरच्या) देखरेखीखाली काम करत असाल, तर बाकीच्या सभासद राज्यांत काम करायची मुभा आपोआप मिळते. तिला प्रिव्हिलेज टू प्रॅक्टिस म्हणतात. अर्ज नाही, फी नाही, कार्ड नाही. म्हणून तुमच्या ईएमटी पोराला काही दाखवता आलं नाही, दाखवण्यासारखं काही नसतंच. त्याने कॅन्ससचं लायसन्स दाखवायचं आणि आपला १२ आकडी नॅशनल ईएमएस आयडी सांगायचा. समोरच्याला शंका असेल तर कमिशनच्या साइटवर त्या माणसाची स्थिती बघता येते. आमच्या गाड्यांवर मी हा आयडी बिल्ल्याच्या मागच्या बाजूला छापून दिलाय. रस्त्यावर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

होम स्टेट म्हणजे जिथलं लायसन्स आहे ते सभासद राज्य. घर कुठे आहे याचा संबंध नाही. शिफ्ट घरी बसणार नाही, जाऊबाईंना चहाला बोलवा.

आता कमिशन म्हणजे कोण? नाव लांबलचक आहे: इंटरस्टेट कमिशन फॉर ईएमएस पर्सोनेल प्रॅक्टिस. प्रत्येक सभासद राज्याचा एक प्रतिनिधी, प्रत्येकाला एक मत. टेक्सास एवढं मोठं आणि वायोमिंग एवढंसं, मत दोघांनाही एकच. प्रतिनिधी म्हणजे बहुतेक वेळा त्या राज्याच्या ईएमएस खात्याचा प्रमुखच, किंवा त्याने नेमलेला माणूस. हे लक्षात घेतलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. तुमच्या कॅन्सस बोर्डाचा माणूस सोमवारी तुमचं लायसन्स रिन्यू करतो आणि गुरुवारी कमिशनच्या बैठकीत नियमावर मत देतो. वरती कुणी वेगळा साहेब बसलेला नाही. राज्यांनीच एकत्र येऊन थाटलेलं ते घर आहे, आणि खर्चासाठी राज्यांकडून वार्षिक वर्गणी घ्यायचा अधिकार त्याला कायद्याने दिलाय.

२०१५ साली कोलोरॅडोने हा कायदा सर्वांत आधी केला. दहा राज्यांनी केल्याशिवाय तो लागूच होणार नाही अशी अट होती. दहावं राज्य जॉर्जिया, २०१७ च्या मे महिन्यात. त्याच वर्षी कमिशन बसलं. प्रत्यक्षात मुभा सुरू झाली ती मार्च २०२० मध्ये, कोविडने दारावर थाप मारली तेव्हा. तयारी आणखी काही महिने चालणार होती, पण तेव्हा थांबायला वेळ कुणाकडे होता?

तेव्हा कमिशनला पत्र लिहून "आमच्या क्रूचं बरोबर होतं" असं मागू नका. ते त्यांचं काम नाही. ते नियम करतात, राज्याराज्यांमधली माहितीची देवाणघेवाण चालवतात, एखादं राज्य करार पाळत नसेल तर त्याच्या मागे लागतात. तुमच्या पॅरामेडिकने केटामिन द्यायला हवं होतं की नको, हे ठरवायला ते बसत नाहीत.

तक्रार कोण तपासणार? दोघंही तपासू शकतात, पण हातातल्या काठ्या वेगळ्या. मिसूरी तुमच्या माणसाची मिसूरीत काम करण्याची मुभा रोखू शकतं, निलंबित करू शकतं, रद्दही करू शकतं. त्याच्या कॅन्ससच्या लायसन्सला मात्र हात लावू शकत नाही, तो अधिकार फक्त कॅन्ससचा. उलट बाजूने, मिसूरीत घडलेलं वागणं कॅन्ससला कळवलं गेलं तर ते जणू कॅन्ससमध्येच घडलं असं धरून कॅन्ससने बघायचं आहे, आणि शिक्षा काय हे कॅन्ससच्या कायद्याने ठरतं. "तिकडे झालं, आम्हाला काय" म्हणायची सोय ठेवलेली नाही.

आणि खरा चावा पुढे आहे. एका राज्याने मुभा रोखली की ती परत मिळेपर्यंत तो माणूस कुठल्याच दुसऱ्या सभासद राज्यात मुभेवर काम करू शकत नाही. म्हणजे मिसूरीने थांबवलं तर नेब्रास्का आणि ओक्लाहोमाही बंद. कॅन्ससमध्ये त्याचं लायसन्स शाबूत, तिथे काम चालू राहील. तुमच्यासारख्या सीमेवरच्या सेवेत असा माणूस म्हणजे रोस्टर लावणाऱ्याच्या डोक्याला ताप. त्याला कुठल्या गाडीवर बसवणार? दर दुसरी ट्रान्सफर पलीकडेच जाते.

ईआर_डॉक्टर:

मी एका सेवेचा मेडिकल डायरेक्टर आहे, त्यामुळे एक गोष्ट ठणकावून सांगतो. चॅटनूगाकरांनी "मेडिकल डायरेक्टरच्या देखरेखीखाली" हे शब्द ओझरते लिहिले, पण अख्खं कॉम्पॅक्ट त्या खुंटीला टांगलेलं आहे.

मुभा तुम्हाला व्यक्ती म्हणून मिळते, पण ती वापरायची फक्त नेमून दिलेल्या कामात. कायद्याचे शब्दच तसे आहेत: योग्य अधिकाऱ्याने सोपवलेलं ईएमएसचं काम. पेशंट होम स्टेटमधून पलीकडे नेणं, पलीकडून उचलून घरी आणणं, पलीकडच्या राज्यातल्या राज्यात सेवा देणं, तिथून उचलून तिसऱ्या सभासद राज्यात पोचवणं, हे सगळं चालतं. पण रविवारी मुलांना घेऊन फिरायला निघालात, रस्त्यात अपघात दिसला आणि डिकीतली स्वतःची बॅग काढलीत, तर ते कॉम्पॅक्ट नव्हे. तिथे त्या राज्याचा गुड समॅरिटन कायदा (आपणहून मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा) लागू असेल तेवढाच, आणि तो राज्यागणिक बदलतो. माझ्या क्रूला मी हे दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी कुणीतरी तोंड वाकडं करतं.

तुमच्या प्रसंगात क्रू ड्यूटीवर होता, गणवेशात, गाडीसकट, आणि थांबल्याथांबल्या डिस्पॅचला कळवलं. माझ्या मते तिथेच तुमची बाजू भक्कम आहे. रेडिओची नोंद काढा. डिस्पॅचरने काय उत्तर दिलं ते नेमकं ऐका. "कॉपी, तुम्हाला त्या कॉलवर टाकतोय" म्हणाला असेल तर काम सोपवलं गेलं. नुसतं "ओके" म्हणाला असेल तर वाद घालायला फट राहते, आणि वकील फटीवरच जगतात.

दुसरं, स्कोप, म्हणजे कुठले उपचार करायची परवानगी आहे त्याची मर्यादा. पलीकडे जाताना तुम्ही होम स्टेटचा स्कोप घेऊन जाता, जोवर पलीकडच्या राज्याचा अधिकृत प्राधिकारी त्यात काही बदल करत नाही तोवर. म्हणजे "मिसूरीत आलात, आता आमचे प्रोटोकॉल वाचा" असं तिथल्या एखाद्या सेवेचा सुपरवायझर रस्त्यात उभं राहून म्हणू शकत नाही. तो प्राधिकारी नाही. त्याचं राज्य म्हणू शकतं. पण स्कोप घेऊन गेलात तरी त्या राज्याचे बाकी कायदे आणि त्याचा अधिकार तुम्हाला लागू होतातच, पाहुणे म्हणून सूट नाही.

आणि सुपरवायझर म्हणून तुमच्या सूचनांत पहिली ओळ ही घाला: पलीकडे काही वेगळं घडलं तर आधी मेडिकल डायरेक्टरला फोन, मग मॅनेजरला. कॉम्पॅक्टमध्ये मेडिकल डायरेक्टरची व्याख्या "सभासद राज्यात लायसन्स असलेला आणि क्रूने दिलेल्या सेवेला जबाबदार असलेला डॉक्टर" अशी आहे. जबाबदार हा शब्द आम्ही पुष्कळ जण विसरतो. मला क्रूने दिलेलं केटामिन चार दिवसांनी तक्रारीच्या कागदावरून कळलं असतं तर मी आधी क्रूवर नाही, सुपरवायझरवर उखडलो असतो.

वकीलकाका_डेन्व्हर:

चांगली चर्चा चालली आहे, मी फक्त कायद्याच्या अंगाने थोडी भर घालतो. हा सल्ला नव्हे, गप्पा समजा. सल्ल्यासाठी तिथला वकील धरा.

राज्याराज्यांचे करार अमेरिकेच्या घटनेत पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात येतात. तिथे लिहिलंय की काँग्रेसच्या संमतीशिवाय राज्यांनी आपसांत करार करू नयेत. शब्दशः वाचलं तर ईएमएस कॉम्पॅक्टलाही संमती लागेल. पण १८९३ च्या व्हर्जिनिया विरुद्ध टेनेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केंद्राच्या सत्तेवर अतिक्रमण होत असेल तरच संमती हवी. तो खटला हद्दीच्या रेघेवरूनच होता, त्यामुळे स्टेटलाइनताईंना आवडेल. लायसन्स हा राज्यांचाच विषय असल्याने आरोग्य व्यवसायांचे बहुतेक लायसन्स-करार याच आधारावर उभे आहेत.

करार आणि राज्याचा कायदा अशी याची दोन्ही रूपं आहेत. सभासद राज्याचा दुसरा एखादा कायदा त्याच्या आड आला तर तेवढ्यापुरता करार वरचढ ठरतो. १९५१ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया एका नदीप्रदूषणाच्या करारातून हळूच अंग काढून घेऊ पाहत होतं, "आमच्या घटनेत बसत नाही" म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने ऐकलं नाही. सही केलीत ना, मग तुमचंच न्यायालय एकट्याने त्याचा अर्थ लावून सुटू शकत नाही, असा त्याचा सूर. बाहेर पडायचं असेल तर सरळ मार्ग आहे. ईएमएस कॉम्पॅक्टमध्ये राज्याने कायदा रद्द केला की सहा महिन्यांनी ते बाहेर.

कमिशनवर लगाम कुणाचा, हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण विचारायला हवा. कमिशनच्या नियमांना कायद्याचं बळ असतं, आणि ते निवडून न आलेले अधिकारी करतात. मला स्वतःला हे थोडं खटकतं. त्यावर उतारा असा ठेवलाय की सभासद राज्यांपैकी बहुसंख्य विधिमंडळांनी चार वर्षांच्या आत तो नियम कायदा करून फेटाळला तर तो सगळीकडे रद्द. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात डझनावारी विधिमंडळं एका ॲम्ब्युलन्सच्या नियमासाठी एकाच दिशेने हात वर करतील, हे मला तरी अवघड वाटतं. रोजच्या व्यवहारात जास्त उपयोगी लगाम म्हणजे बैठका खुल्या असतात. दार बंद करायचं असेल तर कमिशनच्या कायदेशीर सल्लागाराने कुठल्या तरतुदीखाली ते बंद करता येतं हे प्रमाणित करावं लागतं. ताई, तुम्ही सुपरवायझर आहात, एखादी बैठक ऐकाच. कंटाळा येईल, पण आपले नियम कोण करतं त्यांचे आवाज तरी ओळखीचे होतील.

आता तुमच्या पॅरामेडिकसाठी एक महत्त्वाची गोष्ट, आणि हे वाचून झाल्यावर त्याला दाखवा. करारात "ॲडव्हर्स ॲक्शन"ची व्याख्या फार रुंद आहे. रद्द करणं, निलंबन हे तर त्यात आहेच, पण प्रोबेशन, देखरेख, आणि कन्सेंट ॲग्रीमेंट (बोर्डाशी सहमतीने केलेली तडजोड) सुद्धा. बोर्डाचा तपासनीस फोनवर अगदी गोड बोलून म्हणतो, "सुनावणी कशाला, एवढ्यावर सही करा, प्रकरण मिटवू." माणूस दमलेला असतो, सही करतो. त्याला वाटतं मिटलं. पण ती सही समन्वित डेटाबेसमध्ये जाऊन बसते, बाकीच्या सभासद राज्यांना दिसते, आणि त्यातल्या अटींमुळे लायसन्सवर बंधन आलं तर मुभा सगळीकडे थांबते. सही करू नका असं नाही, कित्येकदा तीच शहाणपणाची असते. पण आधी विचारा की यामुळे माझं लायसन्स बंधनाचं ठरतं का, आणि उत्तर लेखी घ्या.

याच्या उलट एक खिडकीही आहे. व्यसनमुक्तीसारख्या पर्यायी कार्यक्रमात कुणाला घ्यायचं असेल तर राज्य ते शिक्षेऐवजी आणि गोपनीय ठेवून करू शकतं, करार त्याच्या आड येत नाही. अट एवढीच की तो संपेपर्यंत दुसऱ्या सभासद राज्यात त्या राज्याच्या पूर्वपरवानगीशिवाय काम करायचं नाही. फेन्टानिलसारख्या व्यसन लागणाऱ्या औषधाच्या कुपीजवळ काम करणाऱ्या लोकांत ही खिडकी किती लागते, ते तुम्हाला मी सांगायला नको. सुपरवायझर म्हणून तुम्हाला असा माणूस अचानक "मला पलीकडच्या ट्रान्सफर नकोत" म्हणताना दिसला तर कारण खोदू नका.

स्टेटलाइनची:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, शेवटचं वाक्य वाचून मी एका जुन्या रोस्टरकडे परत बघितलं, एवढंच सांगते.

रेडिओची नोंद काढली. डिस्पॅचर म्हणतो, "रेस्क्यू मागवतोय, तुम्ही सीनवर आहात असं लावतो, वेळ १४:२०." डॉक्टरसाहेब, हे चालेल ना? आमच्या मेडिकल डायरेक्टरला आजच फोन केला. ते उखडले नाहीत, पण "आधी का नाही" हे दोनदा विचारलं. तक्रारीचं उत्तर आता त्यांच्या सहीने जाईल, माझ्या नाही.

मॅनेजर मात्र अजून म्हणतो की कॉम्पॅक्टमध्ये आहोत म्हणजे गाडी, औषधं, माणसं सगळंच आलं. उद्या तो मिसूरी बाजूला कायमची एक गाडी उभी करायचं म्हणतोय, कारण तिकडच्या नर्सिंग होमशी करार होतोय. मला वाटतं हे फार ताणणं झालं. आणि आणखी एक: आमच्याकडे काही स्वयंसेवक ईएमआर (ईएमटीच्याही खालची, प्रथमोपचाराची पातळी) आहेत, आणि सैन्यातून नुकताच सुटलेला एक मेडिक अर्ज करतोय. यांना कॉम्पॅक्ट लागू आहे का?

ईआर_डॉक्टर:

"सीनवर लावतो" आणि वेळ, दोन्ही नोंदीत आहेत. माझ्या दृष्टीने उत्तम. ती ऑडिओ फाइल आजच वेगळी जपून ठेवा, बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवसांनी जुन्या फाइल पुसल्या जातात.

चॅटनूगाकर:

मॅनेजरला थांबवा, आणि लेखी थांबवा.

कॉम्पॅक्ट माणसांसाठी आहे, गाड्यांसाठी नाही. ॲम्ब्युलन्स सेवेचं लायसन्स, गाडीची तपासणी, तिथे धंदा करायची परवानगी हे सगळं मिसूरीचं मिसूरीकडेच. कॉम्पॅक्टच्या प्रस्तावनेत "रोजच्या कामातली ये-जा सोपी करणं" असा हेतू लिहिलाय. तिकडे ठाणं मांडून बसायचं असेल तर आधी मिसूरीच्या ईएमएस ब्यूरोला फोन करायचा. आमच्याकडे एका शेजारच्या सेवेने उलट क्रमाने केलं, आधी गाडी उभी केली आणि मग फोन. त्यांच्या क्रूच्या मुभेला कुणी बोट लावलं नाही, पण सेवेला गाडी परत आणावी लागली आणि तो करारही गेला.

औषधं हा तर वेगळाच प्रांत. केटामिन, फेन्टानिल, मॉर्फिन यांची नोंदणी डीईएकडे (अमली औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे) असते आणि ती राज्यवार असते. २०१७ च्या केंद्रीय कायद्याने ॲम्ब्युलन्स सेवांना स्टँडिंग ऑर्डरवर ही औषधं द्यायची स्पष्ट मोकळीक दिली, आणि प्रत्येक ठिकाणासाठी वेगळ्याऐवजी एका राज्यासाठी एक नोंदणी अशी सोय केली. पण एका राज्यासाठी. मिसूरीत कायमची गाडी ठेवून तिच्या पेटीत केटामिन ठेवायचं तर मिसूरीची नोंदणी लागेल, कॉम्पॅक्ट तिथे कामाचं नाही. तुमच्या अपघाताच्या प्रकरणातही, लिहून ठेवा, पुढचा प्रश्न वैद्यकीय नसून हाच येणार: कुपी कुठल्या पेटीतून निघाली, किती दिलं, उरलेलं कुणासमोर टाकलं आणि साक्षीदाराची सही कुठे आहे. रिपोर्टमधली वेळ, औषधाच्या वहीतली वेळ आणि रेडिओवरची वेळ, तिन्ही शेजारी ठेवून जुळवा. आमच्याकडच्या तपासात सगळ्यांत जास्त वेळ यावरच जातो.

ईएमआर कॉम्पॅक्टमध्ये येत नाहीत. ईएमटी, ॲडव्हान्स्ड ईएमटी, पॅरामेडिक आणि ईएमटी ते पॅरामेडिक यांच्या मधे राज्याने मान्य केलेली पातळी, एवढेच. तुमचे स्वयंसेवक पलीकडच्या ट्रान्सफरवर मागे पेशंटजवळ एकटे बसणार नाहीत, हे सूचनांत ठळक लिहा. सुपरवायझर सुटीवर असला की रात्रपाळीत नेमकं हेच होतं.

सैन्यातल्या मुलाचं काम सोपं आहे. सक्रिय सेवेतून बाहेर पडणारे, माजी सैनिक आणि त्यांचे जोडीदार यांचे लायसन्सचे अर्ज सभासद राज्यांनी लवकर निकाली काढायचे आहेत, आणि नॅशनल रजिस्ट्रीचं (ईएमएस कर्मचाऱ्यांची परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं) चालू प्रमाणपत्र असेल तर किमान प्रशिक्षण झालं असं धरायचं आहे. पण अर्ज करून लायसन्स घ्यावंच लागतं. लायसन्स हातात येईपर्यंत मुभा नाही, त्याला आजच गाडीवर चढवू नका. बोटांचे ठसेही आधीच देऊन ठेवायला सांगा, सगळ्यांत जास्त वेळ तिथेच जातो. पहिल्यांदा लायसन्स घेणाऱ्यांची एफबीआयच्या नियमांत बसणारी तपासणी ही सभासद राज्यांवर करारानेच घातलेली अट आहे.

आणि वादळ, पूर, असलं काही झालं आणि गव्हर्नरने आणीबाणी जाहीर करून ईमॅक (आपत्तीत राज्यांनी एकमेकांना मदत करायचा करार) लागू केलं, तर सगळा खेळ बदलतो. तो करार १९९६ मध्ये काँग्रेसने मंजूर केलेला, पन्नासही राज्यं त्यात आहेत, आणि दोन्हींत विसंगती आली तर ईमॅक वरचढ. त्यासाठी तुमच्या दोन पानांत एकच ओळ पुरे: मिशनचा अधिकृत आदेश आल्याशिवाय गाडी हलणार नाही. कतरिना वादळाच्या वेळच्या गोष्टी सांगून मुलं आपणहून निघायच्या तयारीत असतात.

ह्यूस्टनची_परिचारिका:

केंद्राचं लायसन्स वगैरे मी मागे घेते. आणि ताई, दोन पानं तयार झाली की नाव-गाव काढून इथे टाका. आमच्या हेलिकॉप्टरवरचे पॅरामेडिक दर आठवड्याला लुइझियानात उतरतात. पायलटला वाऱ्याची दिशा पाठ असते, पण खाली कुठल्या डॉक्टरच्या ऑर्डरवर काम चाललंय हे विचारलं की चौघांकडून चार उत्तरं मिळतात.